काशिदांच्या घरातले केस

तृप्तीच्या हनुवटीवर दोरा दुसऱ्यांदा तुटला, तेव्हा मी रीळ बाजूला ठेवलं.

"काय झालं हेमाताई?" तिनं विचारलं. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. आवाज चांगलाच घोगरा होता.

"सर्दी झालीय का गं?"

"नाही ओ. असाच झालाय हल्ली."

मागच्या बाकावर तिची आई, इंदूवैनी, मासिक चाळत बसल्या होत्या. पानं उलटायचा आवाज थांबला.

बार्शीत माझं पार्लर सुरू होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. थ्रेडिंगचा दोरा तुटत नाही असं नाही, पण एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर तो तुटत नाही. तिथं फार तर चार-दोन काळे केस असतात, बाकी सगळी लव. तृप्तीचे केस पुरुषाच्या दाढीसारखे राठ होते. आणि बाराच दिवसांपूर्वी मी तिची हनुवटी साफ केली होती. आता ते गळ्यापर्यंत उतरले होते.

मी खिडकीचा पडदा सरकवला. उजेडात बघितलं तर जबड्याच्या कडेनं मोठाले फोड, आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना डोक्यावरचे केस विरळ झालेले. खाली वाढत होते आणि वर गळत होते.

"हे कधीपासून आहे तृप्ती?"

"दिवाळीपासून. आधी दोन-तीनच होते."

शिवरात्र होऊन आठवडा झाला होता. म्हणजे चार महिने.

"त्यात नवीन काय?" इंदूवैनी बाकावरूनच म्हणाल्या. "काशिदांच्या घरातल्या बायकाच केसाळ. हिच्या आत्याला बघा की. तुमच्याकडंच येती ना ती?"

आत्या माझ्याकडं यायच्या हे खरं. कुमुदताई काशीद, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांचा ओठ, हनुवटी, हात, सगळं मला पाठ होतं. सात वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरचा एक केस इकडचा तिकडं झाला नव्हता.

मी खाली वाकून तृप्तीला हळूच विचारलं, "पाळी वेळेवर येते का?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग आरशातून आईकडं.

इंदूवैनी उठून उभ्या राहिल्या. "हेमाबाई, तुमी भुवया करा. डॉक्टरकी करू नका."

"वैनी, मला हे ठीक दिसत नाही. डॉक्टरला दाखवा."

"दाखवू की. तुमी आधी ते पुरं करा."

हनुवटी अर्धी झाली होती. अशा तोंडानं पोरीला रस्त्यावर कशी पाठवणार? मी नवा दोरा घेतला आणि उरलेलं पूर्ण केलं. बर्फ फिरवला, पावडर लावली. मग म्हणाले, "हे शेवटचं. डॉक्टरकडं जाऊन येईपर्यंत मी हिला हात लावणार नाही."

"गावात पार्लरं काय एकच हाय?" वैनी म्हणाल्या आणि पोरीचा दंड धरून तिला घेऊन गेल्या.

मी दहावी शिकलेली. डॉक्टरकी मला येत नव्हती आणि नाही. पण पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स केला, त्यात एक दिवस त्वचेचे एक म्हातारे डॉक्टर शिकवायला आले होते. त्यांनी आम्हाला जोडीजोडीनं बसवलं. एकमेकींच्या हातावर पेनानं नखाएवढा चौकोन काढायला लावला, भिंग दिलं आणि सांगितलं, केस मोजा, बारीकसुद्धा सोडू नका. माझ्या जोडीला रत्नागिरीची एक मुलगी होती, हात काकडीसारखा गुळगुळीत. माझे हात कसे होते ते सांगायला नको. शाळेत पोरं मला अस्वलच म्हणायची. आम्ही दोघींनी मोजलं. माझ्यापेक्षा तिचे दोन जास्त भरले.

"मुळं सगळ्यांना जवळजवळ सारखीच असतात," डॉक्टर म्हणाले. "कुणाचा केस बारीक आणि बिनरंगाचा राहतो, कुणाचा जाड आणि काळा होतो. तो जाड करणारा रस बायकांच्या अंगातही थोडा असतोच. कुणाच्या मुळांना थोडा रसही पुरतो, कुणाच्या मुळांना भरपूर असूनही कळत नाही. हे आईबापांकडून येतं. त्यात कुणाचा दोष नाही, कुणाची थोरवी नाही."

मला तेव्हा रडू आलं होतं. एवढं साधं कुणी आधी का सांगितलं नव्हतं?

जाताना ते दारातून परत वळले. "एक लक्षात ठेवा. वयात येताना हळूहळू आलेले केस म्हणजे बहुतेक घराणं. पण एखादीला चार-सहा महिन्यांत दाढी फुटली, आवाज बदलला, पाळी थांबली, तर ते घराणं नव्हे. तिला तुमच्या खुर्चीत बसवून ठेवू नका."

अकरा वर्षांत मला तशी एकही भेटली नव्हती. आता भेटली होती.

चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी काशिदांच्या घरी गेले. इंदूवैनींनी दार उघडलं, मला बघितलं आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"गेला होता का डॉक्टरकडं?"

"तिचा अभ्यास चालू हाय."

"वैनी, हे थांबण्यासारखं नाही. मी चलते बरोबर."

"हेमाबाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या पोरीचं नाव गावात काढलं तर माझ्यासारखी वाईट न्हाई." आणि दार लावलं.

इंदूवैनींचं बायकांत वजन होतं. हळदीकुंकू, भिशी, डोहाळजेवण, काही असलं तरी त्यांच्या शब्दाशिवाय हलायचं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या ठरलेल्या बायका यायच्या बंद झाल्या. एकीनं रस्त्यात गाठून सांगितलं, "तुमी म्हणे गिऱ्हाइकाला पाळीबिळी विचारता?" आमचे हे म्हणाले, "सोड ना. लोकांची लेकरं, लोकांना काळजी." मला सोडता येत नव्हतं. डोळे मिटले की ती कपाळाची विरळ झालेली बाजू दिसायची.

शनिवारी कुमुदताई आल्या. एकट्या त्याच आल्या.

मी कामाला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, तुम्हाला हे केस कधी आले?"

"सोळाव्या वर्षी. आले आणि तिथंच थांबले. का?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मकरसंक्रांतीला ती माझ्याशी बोलली तेव्हा मी म्हटलं, कॉलेजात भाषणंबिषणं करून घसा बसला असेल. मी शाळेत शिकवते हो हेमाताई. आणि माझ्या लक्षात आलं नाही."

"वैनींना तुम्ही सांगा."

"माझं नाव घेऊनच तर ती झाकतेय. मी बोलले तर आणखी घट्ट होईल. दादाला सांगायला पाहिजे. पण भावाशी मी हे कसं बोलू?"

"मी बोलते," मी म्हणाले.

तृप्तीच्या वडलांचं, विश्वंभर काशिदांचं, पंप आणि पाइपांचं दुकान होतं. दुकानात बाईमाणूस कधी जात नसे. मी गेले तेव्हा दोन शेतकरी मोटारीचा भाव करत होते. मी बाजूला उभी राहिले. ते दोघं जाईपर्यंत अर्धा तास तशीच.

"बोला ताई, काय पाहिजे?"

"भाऊ, मी तृप्तीबद्दल आले. मी पार्लरवाली, हेमलता गव्हाणे."

त्यांना माझं नाव ठाऊक होतं. चेहऱ्यावर ते दिसलं. मी काउंटरवरच्या पाइपाच्या तुकड्याकडं बघत बोलायला लागले. दाढी म्हणाले, पाळी म्हणाले. परक्या पुरुषासमोर हे शब्द तोंडातून काढताना कानशिलं तापली, पण मध्ये थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्यांनी तो पाइपाचा तुकडा उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता जा म्हणतील.

"घरचा फोन ती उचलते ना," ते म्हणाले, "तर लोक तिला मी समजून बोलतात. मोटारीचा नंबर सांगतात, पाइप किती फूट ते सांगतात. मी हसायचो तिला. म्हणायचो, आता दुकान तूच चालव." त्यांनी डोळ्यांवर हात फिरवला. "दोन महिने झाले, हसतोय मी."

मग उठून त्यांनी शटर अर्धं ओढलं. "तुम्ही चला बरोबर. हे मला तिच्या आईशी बोलता येणार न्हाई."

दुपारचं ऊन मी म्हणत होतं. इंदूवैनी सोप्यात गहू निवडत होत्या. नवऱ्याच्या मागं मला बघून सूप खाली ठेवलं.

"हिला का आणलं?"

"इंदू, उद्या पोरीला दवाखान्यात न्यायचं."

"न्हाई न्यायचं."

"का?"

"न्हाई म्हणते ना."

"अगं पण का?"

त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी खाली त्यांच्यासमोर बसले. "वैनी, पाळी थांबलीय ना तिची?"

"पाच महिने," त्या म्हणाल्या. भाऊ मागे उभे होते तरी म्हणाल्या. "मला ठाऊक न्हाई व्हय? मी आई हाय तिची. रोज मोजती. चूर्ण दिलं, तिळाचा काढा दिला, शनिवार धरले." मग माझ्याकडं वळल्या आणि एकदम आवाज फुटला. "दाढी पोराची, आवाज पोराचा. डॉक्टरनं सांगितलं ही पोरगीच न्हाई, तर? कागदावर लिहून दिलं, तर? मग मी तिला कुठं ठेवू हो?"

असं काही त्यांच्या मनात असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी त्यांना हट्टी समजत होते. ती मुलगीच आहे, असं म्हणावंसं वाटलं. पण डॉक्टर काय सांगतील हे मला तरी कुठं माहीत होतं?

भाऊच बोलले. "लिहू दे काय लिहायचं ते. आपल्याच घरात ठेवू. दुसरं कुठं ठेवणार?"

"बोलायला सोपं हाय तुमाला."

"मला जायचंय."

आम्ही तिघंही वळलो. तृप्ती दारात उभी होती, खांद्याला पिशवी, तोंडाला स्कार्फ. कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिनं स्कार्फ सोडला. हनुवटीवर ब्लेडचे दोन काप होते.

"मी दोनदा गेले होते, एकटीच," ती म्हणाली. "तडवळकर मॅडमच्या दवाखान्यात. तिथल्या बाईनं नाव विचारलं. मी सांगितलं, तर माझा आवाज ऐकून बाकावरच्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं. मी परत आले. दुसऱ्या वेळीसुद्धा." तिनं आईकडं बघितलं. "आई, कोण आहे मी ते मला ठाऊक आहे. मला झालंय काय ते विचारायचंय. आणि उद्या नाही, आत्ता."

इंदूवैनी तिच्याकडं बघत राहिल्या. मग गव्हाचं सूप भिंतीकडं सरकवलं आणि उठून चपला शोधायला लागल्या.

दवाखान्यात नाव मी सांगितलं.

तडवळकर मॅडमनी तृप्तीला आत घेतलं, आईला घेतलं. तृप्तीनं माझाही हात धरून ठेवला होता म्हणून मीही गेले. मॅडमनी सगळं विचारलं, पोट दाबून बघितलं, उजव्या बाजूला पुन्हा दाबलं. लगेच सोनोग्राफी केली. पडद्यावर काय दिसत होतं ते मला कळलं नाही, पण मॅडमचा हात एका जागी थांबला ते कळलं.

"उजव्या अंडाशयात गाठ आहे," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायला पाठवते, पण माझा अंदाज पक्का आहे. ही गाठ पुरुषी रस तयार करतेय. म्हणून दाढी, म्हणून आवाज. सोलापूरला ऑपरेशन करावं लागेल, लवकर."

इंदूवैनींनी गाठीचं काही विचारलं नाही. "पण पोरगीच हाय ना?"

"मुलगीच आहे. डावं अंडाशय चांगलं आहे. गर्भाशय आहे." मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही आणखी चार-सहा महिने थांबला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला यायला?"

तृप्ती माझा हात धरून होती, तो तिनं दाबला.

दहा दिवसांनी सोलापूरला ऑपरेशन झालं. गाठ मोसंबीएवढी होती. ती मुंबईला तपासायला गेली. पंधरा दिवस आम्ही सगळेच रोज फोनची वाट बघत होतो. पसरलेली नाही, पुढं औषधं लागणार नाहीत, फक्त दर काही महिन्यांनी तपासायला या, असं उत्तर आलं. ते मला भाऊंनी दुकानातून फोन करून सांगितलं. सांगितलं आणि लगेच फोन ठेवला.

मे महिन्यात कुमुदताई म्हणाल्या, "काल वहिनीनं पुरणपोळ्या केल्या. ना सण ना वार. मी विचारलं, आज काय? तर म्हणाली, खा गुमान." आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. काय ते आम्हाला कळलं होतं, तृप्तीची पाळी परत आली होती.

सगळं मात्र परत आलं नाही. आवाज राहिला तो राहिलाच. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, कंठ एकदा जाड झाला की झाला. हनुवटीवरचे केस विरळ झाले, मऊ झाले, पण एकदा राठ झालेली सगळी मुळं काही मागं फिरत नाहीत. तृप्ती एकटी माझ्याकडं यायची, खुर्चीत बसायची, आणि डोळे मिटण्याऐवजी आरशात बघत राहायची. एकदा म्हणाली, "ताई, आवाजाचं मी ठरवलंय. लपवायचा नाही. वर्गात पहिल्यांदा हजेरीला ओरडले तेव्हा पोरं हसली. दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्यानं ओरडले." पुढं ती एम.एस्सी. झाली. आता लातूरला कॉलेजात शिकवते. दीडशे पोरांचा वर्ग आहे आणि माइक लागत नाही, असं अभिमानानं सांगते.

बायका एकेक करून माझ्याकडं परत आल्या. इंदूवैनी आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या की मान हलवायच्या आणि पुढं जायच्या. नवऱ्यासमोर मी त्यांना बोलायला लावलं याचा राग असेल, असं मी धरून चालले होते.

त्याच वर्षी पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, पार्लरमध्ये कुणी नसताना त्या आल्या. आत येऊन म्हणाल्या, "कडी लावा."

मी लावली.

त्या बाकावर बसल्या नाहीत. खुर्चीपाशी गेल्या, तिच्या दांडीवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि बसल्या. मग गळ्याभोवतीचा पदर सोडला आणि मान वर केली.

हनुवटीच्या खाली, गळ्याच्या वळणात, काळ्या-पांढऱ्या केसांचे कापलेले खुंट होते. कात्रीनं कापलेले. एका जागी जुना व्रण होता.

"तीस वर्षं झाली," त्या छताकडं बघत म्हणाल्या. "पहाटं उठून कापती. ह्यांना सुदिक ठाऊक न्हाई. आईला होते. तिनंच कात्री दिली मला आणि म्हणाली, लग्नाआधी कुणाला कळू द्यायचं न्हाई, नंतर तर मुळीच न्हाई."

मी हात धुऊन पुसले.

"काशिदांचं नाव मीच घेतलं. वन्संचं नाव घेतलं. पोरीला आले तवा मला कळलं, माझंच तिला गेलं. म्हणून दाबून धरलं सगळं. डॉक्टरनं विचारलं असतं, आईला हायत का, तर? खरं सांगा हेमाबाई. ती गाठ माझ्यामुळं झाली का?"

"नाही वैनी."

"कशावरून?"

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. "तुम्हाला हे कधीपासून आहेत?"

"सतरा-अठराची असल्यापासून."

"नंतर एकदम वाढले?"

"न्हाई. हायत तेवढेच."

"पाळी?"

त्यांना हसू आलं. डोळे भरलेले होते तरी आलं. "आता गेली. पण होती तवर पंचांगासारखी."

"मग हे घराणं. तिची ती गाठ होती. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तडवळकर मॅडमना विचारा, त्याही हेच सांगतील."

"कुणाचं घराणं?"

"तुमचं. माहेरचं."

"गरडांचं," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणून बघितलं, "गरडांचं." आईची आठवण आली असावी. मी त्यांच्या गळ्याला पावडर लावली, रिळाचा दोरा काढला, एक टोक दातात धरलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी ती कडी काढा. कुणी आलं तर येऊ द्या."